शरदातला लांब पल्ल्याचा ट्रेक: पहिल्याच दिवशी बोऱ्या वाजत असेल तर

तक्रार साधारण अशी असते. दोन-तीन दिवसांचे ट्रेक व्यवस्थित होतात, दम चांगला आहे, सामानही बरं आहे. पण आठ-दहा दिवसांची वाट धरली की पहिल्याच संध्याकाळी सगळं फिसकटतं. मुक्कामाला पोचेपर्यंत अंधार पडतो, टाचेला फोड आलेला असतो, खांदे ठणकत असतात, घामाने भिजलेले कपडे अंगावर गार पडतात, जेवण नकोसं होतं आणि रात्र काकडण्यात जाते. बरं, हे एकदाच होत नाही. पुढच्या लांब ट्रेकलाही पहिला दिवस असाच जातो. उन्हाळ्यात हेच सगळं निभावून जातं, कारण उजेड भरपूर असतो आणि रात्रही उबदार असते. पानगळीच्या दिवसांत यातलं एक गडबडलं की बाकीची रांगेत येतात.

मग प्रत्येक दुखण्यावर वेगळा इलाज शोधला जातो. फोडासाठी नवे बूट, थंडीसाठी जाड स्लीपिंग बॅग, खांद्यांसाठी महागडी सॅक. माझ्या मते यातला बराचसा खर्च वाया जातो. तक्रारी पाच दिसतात, पण मूळ बिघाड बहुतेक वेळा एकच असतो आणि तो घरी बसून कागदावर झालेला असतो: एकूण अंतर भागिले दिवस.

आधी कागद तपासा

दीडशे किलोमीटरची वाट, दहा दिवस, म्हणून रोज पंधरा किलोमीटर. हा हिशेब दिसायला सरळ आहे, पण पहिला दिवस सरासरी दिवस नसतोच. त्या दिवशी सॅक सर्वात जड असते. दिवसाला सहाशे ते आठशे ग्रॅम कोरडा शिधा धरला तरी आठ दिवसांचं खाणंच पाच-सहा किलो होतं. त्यावर इंधन आणि दोन-तीन लिटर पाणी, म्हणजे आणखी दोन-तीन किलो. पाय या वजनाला सरावलेले नसतात. आणि सुरुवातीच्या ठिकाणी पोचायला प्रवास, परवाना, शेवटची खरेदी, फोटो यात सकाळ निघून गेलेली असते. थोडक्यात, सर्वात जड ओझं, सर्वात कच्चे पाय आणि सर्वात कमी उजेड एकाच दिवशी वाट्याला येतात, आणि आपण त्या दिवसाला बाकीच्यांइतकंच काम लावतो.

वेळेचा अंदाज काढायला स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथचा 1892 सालचा नियम अजूनही उपयोगी पडतो: साधारण पाच किलोमीटरला एक तास, आणि वर दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. समजा पहिल्या दिवशी 16 किलोमीटर अंतर आणि 800 मीटर चढ आहे. अंतराचे सव्वातीन तास, चढाचा एक तास वीस मिनिटं, म्हणजे साडेचार तासांच्या आसपास. पण हा हिशेब हलक्या ओझ्याने, न थांबता चालणाऱ्या धडधाकट माणसाचा आहे. भरलेली सॅक, पाणी भरणं, खाणं, वाट शोधणं हे धरून मी त्याची दीडपट करतो. पावणेसात तास झाले. साडेअकराला निघालात तर सव्वासहा वाजतात.

आता उजेड पाहा. 45 अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास शरदसंपातानंतर, म्हणजे सप्टेंबरात दिवस-रात्र सारखे झाल्यानंतर, दिवस रोज साधारण तीन मिनिटांनी आखडतो, म्हणजे महिन्याभरात दीड तास गेला. ऑक्टोबरच्या मध्याला तिथे दिवस जेमतेम अकरा तासांचा राहतो आणि सूर्य डोक्यावर येऊन गेल्यावर साडेपाच तासांत मावळतो. हे झालं सपाटीचं. दरीत असाल तर समोरच्या डोंगरसोंडेआड तो तास-तास आधीच जातो, आणि दाट झाडीत संधिप्रकाशाचा फारसा उपयोग होत नाही. उंच डोंगरांत रमणारे लोक हवामानाचा अंदाज चार-चार वेळा बघतात आणि सूर्यास्ताची वेळ एकदाही बघत नाहीत, हे मला कधीच कळलेलं नाही.

दुरुस्ती सोपी आहे, फक्त मनाला लागते. पहिला दिवस सरासरीच्या निम्मा किंवा फार तर साठ टक्के ठेवा. उरलेलं अंतर चौथ्या दिवसानंतर वाटून टाका. तोपर्यंत शिधा निम्म्यावर आलेला असतो आणि पाय बसलेले असतात. मुक्कामाची जागा ठरवताना वाटेत आधीची एक पर्यायी जागाही नकाशावर खूण करून ठेवा. सूर्यास्ताआधी दोन तास घड्याळ बघायचं आणि ठरवलेली जागा एका तासात येत नसेल तर पर्यायी जागेवर थांबायचं. ही वेळ निघण्यापूर्वी सगळ्यांना सांगून ठेवा. दमलेल्या माणसांशी संध्याकाळी चर्चा करण्यात अर्थ नसतो. वाटेत मध्येच रसद भरून घेणार असाल तर त्या दिवशीही हाच नियम लावा, कारण सॅक पुन्हा पहिल्या दिवसाइतकी जड होते.

एवढं एक केलंत तर खालच्यातलं निम्मं आपोआप सुटतं. तरीही अडत असेल तर एकेक लक्षण बघू.

खांदे दुखतात, मान आखडते

दहापैकी आठ वेळा सॅकचा दोष नसतो, ती बांधण्याचा क्रम चुकलेला असतो. लोक आधी खांद्याचे पट्टे ओढतात आणि मग कंबरेचा पट्टा जिथे येईल तिथे लावतात. तो पोटावर येतो. पोटाला हाड नाही, त्यामुळे वजन पुन्हा खांद्यांवरच.

सगळे पट्टे सैल करा. सॅक पाठीवर घ्या, किंचित पुढे झुका, कंबरेचा पट्टा असा लावा की त्याची गादी कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर बसेल, आणि आवळा. ताठ उभं राहिल्यावर सॅक खाली घसरता कामा नये. मग खांद्याचे पट्टे फक्त पाठीला टेकतील इतपत ओढा. त्यानंतर खांद्याच्या वरून सॅकच्या माथ्याकडे जाणारे दोन छोटे पट्टे. ते वर तिरके जायला हवेत. ते खांद्याकडून खाली उतरत असतील तर सॅक पाठीला आखूड पडतेय. सर्वात शेवटी छातीचा पट्टा, श्वास अडणार नाही इतपतच. बरोबर बसलं असेल तर खांद्याच्या पट्ट्याखाली दोन बोटं सहज सरकतात आणि बहुतेक भार कंबरेवर जाणवतो.

भरताना जड वस्तू, म्हणजे शिधा आणि पाणी, पाठीला लागून मध्यावर ठेवा. तळाला स्लीपिंग बॅग, बाहेरच्या बाजूला हलकं सामान. चालायला लागल्यावर वीस मिनिटांनी थांबून पट्टे पुन्हा एकदा बघा, कारण सामान दबतं आणि सगळं सैल होतं. एकाच खांद्याला रग लागत असेल तर आत वजन एका बाजूला कललंय, सहसा पाण्याच्या बाटलीमुळे.

हेडटॉर्च, वाऱ्याचं जॅकेट, टेप आणि सुके मोजे मात्र वरच्या कप्प्यात हवेत. हेडटॉर्च तळाशी गेलेली असणं हा पहिल्या दिवसाचा इतका नेहमीचा प्रकार आहे की निघताना प्रत्येकाने एकमेकांना "टॉर्च कुठे आहे?" असं विचारावं आणि उत्तर बोटाने दाखवायला लावावं.

फोड

यावर जरा सविस्तर बोलायला हवं, कारण पहिल्या दिवशीचा फोड पुढचे सगळे दिवस सोबत चालतो.

फोड नुसत्या घासण्याने येत नाही. पाऊल टाकताना आतलं हाड पुढेमागे सरकतं, वरची कातडी मोज्याला चिकटून जागेवर राहते आणि मधला थर ताणला जाऊन शेवटी फाटतो. तिथे पाणी भरतं. ओली कातडी मऊ होते आणि मोज्याला जास्त चिकटते, म्हणून घाम आणि ओला बूट हे फोडाचे खरे साथीदार. जड सॅक हा ताण वाढवते. ज्या बुटांनी शनिवार-रविवारचा ट्रेक सुखाने झाला तेच पहिल्या दिवशी दगा देतात, त्यामागे हेच कारण आहे. बूट तेच असतात, वरचा माणूस दहा किलोंनी जड झालेला असतो. शिवाय दुपारपर्यंत पाय थोडे सुजतात, त्यामुळे सकाळी नेमके बसणारे बूट तीन वाजता चावायला लागतात.

फोड येण्याआधी तिथे गरम लागतं, किंचित चुरचुरतं. दुरुस्तीची खरी वेळ तीच. "पुढच्या चढावर थांबू" म्हटलं की खेळ संपला. सॅक उतरवा, बूट-मोजा काढा, पाय वाऱ्याला पूर्ण सुकू द्या. कातडीवर आणि मोज्याच्या आत बोट फिरवून बघा. वाळूचा कण, गवताचं कुसळ, मोज्याची घडी यांपैकी काहीतरी बहुतेक सापडतं. मग टेप. तुकड्याचे कोपरे कात्रीने गोल करा, नाहीतर टोकं मोज्यात अडकून टेप गुंडाळी होऊन निघतो आणि ती गुंडाळीच नवा फोड आणते. लाल झालेल्या जागेच्या चारही बाजूंना दोन-दोन सेंटिमीटर पुढे जाईल एवढा तुकडा घ्या आणि घोटा वाकवलेल्या स्थितीत, सुरकुती न पडू देता चिकटवा. वर तळव्याने अर्धा मिनिट दाबून धरा. उबेने गोंद पकडतो.

ज्यांना दर वेळी त्याच जागी फोड येतो त्यांनी टेप घरूनच लावून निघावं. यासाठी खास महाग पट्ट्यांची गरज नाही. औषधाच्या दुकानात मिळणारा साधा कागदी सर्जिकल टेप लावून अडीचशे किलोमीटरच्या, अनेक टप्प्यांच्या शर्यतींतल्या धावपटूंवर चाचणी झाली होती आणि 2016 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत टेप लावलेल्या जागी फोडांचं प्रमाण सुमारे 40 टक्क्यांनी कमी आढळलं.

फोड आलाच आणि लहान, न दुखणारा असेल तर फोडू नका, झाका. मोठा, ताणलेला असेल आणि त्यावर पाऊल टाकवत नसेल तर हात धुऊन, जंतुनाशकाने पुसलेल्या सुईने कडेला छोटं छिद्र पाडा, पाणी दाबून काढा आणि वरची कातडी तशीच ठेवून स्वच्छ पट्टी लावा. ती कातडी ओढून काढण्याचा मोह आवरा. खालचं लाल मांस उघडं पडलं तर दुसऱ्या दिवशी बूट घालणंच मुश्किल होतं. मधुमेह असलेल्यांनी सुईच्या वाटेला जाऊ नये.

बोटांची टोकं आणि नखं दुखत असतील तर बिघाड वेगळा आहे. उतारावर पाय पुढे सरकून बुटाच्या नाकाला आपटतोय. उतार सुरू होण्याआधी थांबून घोट्यापाशी नाडी दुहेरी पिळा देऊन आवळा, म्हणजे टाच मागे बसते. नखं निघण्याच्या दोन दिवस आधी कापलेली असावीत.

घाम आणि गार पडणं

सकाळी थंडी असते म्हणून माणूस फ्लीस, जॅकेट सगळं चढवून निघतो. पहिल्या चढावर वीस मिनिटांत आतून भिजतो, पण सॅक उतरवायचा कंटाळा म्हणून तसाच चालतो. माथ्यावर वारा लागतो आणि अंगातली ऊब ओल्या कपड्यांतून खेचली जाते. दर हजार मीटर उंचीला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं, त्यात वारा. अशा वेळी पारा शून्याच्या बराच वर असतानाही शरीराचं तापमान धोकादायकरीत्या घसरू शकतं.

निघताना किंचित थंडी वाजली पाहिजे. अंगाला ऊब येताच, घाम फुटण्याआधी, एक थर काढा. आणि वेग असा ठेवा की पूर्ण वाक्य बोलता येईल. धाप लागून शब्द तुटायला लागले की घाम ठरलेलाच. उशिरा निघालेला माणूस वेग वाढवतो, म्हणून हीसुद्धा कागदावरच्या बिघाडाचीच शाखा. थांबलात की आधी जॅकेट अंगावर, मग बाकी सगळं. अंगाला लागून सुती कपडा नको, तो वाळतच नाही. झोपण्यासाठी ठेवलेला थर्मलचा जोड आणि मोजे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा आणि काहीही झालं तरी चालताना घालू नका.

सोबतचा माणूस ठेचकाळायला लागला, हातातून वस्तू सुटायला लागल्या, शब्द अडखळतायत, विनाकारण चिडचिड करतोय, असं दिसलं तर ते दमणं समजून सोडून देऊ नका. तिथेच आडोसा शोधा, ओले कपडे बदला, त्याला स्लीपिंग बॅगेत घाला, शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर गरम आणि गोड काहीतरी पाजा. कापरं थांबलं पण माणूस आणखी सुस्त झाला, तर ते बरं होण्याचं लक्षण नव्हे. मदत मागवायची वेळ झालेली असते.

पाऊलवाट आणि पाणी

पानगळीत दोन फसवणुकी ठरलेल्या. पहिली, ओली पानं खालची मुळं आणि गुळगुळीत दगड झाकतात, त्यामुळे उतारावर पाऊल आखूड आणि सपाट टाकावं लागतं. पानांच्या सड्यात वाटही हरवते आणि झाडांमधली कोणतीही मोकळी जागा वाटच भासते. पुढची खूण दिसत नसेल तर मागच्या खुणेपर्यंत परत या. अंदाजाने पुढे जाणं थांबवा. दुसरी, नकाशावरचा ओढा. कोरड्या उन्हाळ्यानंतर शरदात छोटे झरे आटलेले असू शकतात. पहिल्या मुक्कामाला पाणी आहे की नाही याची पक्की खबर नसेल तर शेवटच्या खात्रीच्या जागेवरून रात्रीपुरतं भरून घ्या, वजन वाढलं तरी. शिकारीला परवानगी असलेल्या प्रदेशात शरद हाच शिकारीचा हंगाम असतो. तिथे सॅकवर आणि डोक्यावर भडक नारिंगी रंग हवा.

अंधारात पोचलातच तर

क्रम महत्त्वाचा. आधी ओले कपडे उतरवून सुके घाला, वर जॅकेट. मग मूठभर काहीतरी गोड-खारट तोंडात टाका, भूक नसली तरी. पहिल्या दिवशी अतिश्रमाने भूक मरते आणि रिकाम्या पोटी शरीर रात्री पुरेशी उष्णता तयार करू शकत नाही. त्यानंतर तंबू, मग पाणी, मग स्वयंपाक. आधी स्टोव्ह पेटवून ओल्या कपड्यांत त्याच्याभोवती बसणारे लोक अर्ध्या तासाने तंबूचे खुंट ठोकायला उठतात तेव्हा बोटं वळत नाहीत.

जागा निवडताना ओढ्याकाठची सपाट हिरवळ टाळा. थंड हवा जड असते, ती रात्री उतारावरून खाली वाहून तळाशी साचते. दव आणि हिम तिथेच जास्त पडतं. काठापासून थोडं वर, झाडांच्या छताखाली तंबू लावलात तर फरक अंगाला कळतो. फक्त वाळक्या फांद्या वर नाहीत ना, ते टॉर्च मारून बघा.

स्टोव्ह मंद जळतोय? गॅसचा डबा तपासा. साधा ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो, म्हणजे शून्याजवळ त्याची वाफच धड होत नाही. आयसोब्यूटेन उणे 12 अंशांच्या आसपासपर्यंत आणि प्रोपेन त्याहून कितीतरी खाली चालतो, म्हणून डब्यावरचं मिश्रण वाचून घ्या. शिवाय वायू बाहेर पडताना डबा स्वतःच गार होत जातो. डबा थोडा वेळ जॅकेटच्या आत धरा, किंवा उथळ भांड्यातल्या कोमट पाण्यात ठेवा. उकळतं पाणी किंवा ज्योत त्याच्या जवळ न्यायची नाही.

रात्रभर थंडी वाजली

स्लीपिंग बॅगेवरचा आकडा नीट वाचा. आयएसओ 23537 या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे चाचणी झालेल्या बॅगेवर कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम असे तीन आकडे असतात. एक्स्ट्रीम हा जीव वाचण्याचा आकडा आहे, झोपेचा नाही. दमलेल्या माणसाने कम्फर्टवरच भरवसा ठेवावा. तरीही थंडी वाजत असेल तर पाठीला हात लावा. थंडी खालून येत असेल तर बॅग बदलून काही होणार नाही, मॅट बदलावी लागेल. अंगाच्या भाराखाली बॅगेतला भराव दबून जातो आणि खालून त्याचा उपयोग उरत नाही. मॅटची आर-व्हॅल्यू, म्हणजे ती जमिनीची थंडी किती अडवते याचा आकडा, शून्याच्या आसपासच्या रात्रींसाठी साडेतीन-चार तरी असावी. दोन मॅट एकावर एक टाकल्या तर त्यांच्या आर-व्हॅल्यूंची बेरीज होते, त्यामुळे जुनी फोमची मॅट खाली घालणं हा सर्वात स्वस्त इलाज आहे. गरम पाण्याची घट्ट बंद होणारी बाटली मांड्यांमध्ये घेतली की पहिले दोन-तीन तास छान जातात.

वॉटर फिल्टर स्लीपिंग बॅगेत घ्या. पोकळ तंतूंच्या फिल्टरमधलं पाणी गोठलं तर तंतू फुटतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. फोन आणि बॅटऱ्याही आतच.

सकाळी तंबूच्या आतल्या कापडावर पाण्याचे थेंब दिसले तर तंबू गळतोय असं समजू नका. तुमच्या श्वासातली वाफ गार कापडावर जमलेली असते. थंडी असली तरी वरच्या आणि खालच्या झरोक्यांची एक-एक बाजू उघडी ठेवा आणि ओले मोजे तंबूत टांगू नका.

दुसऱ्या सकाळी काय ठरवायचं

नाश्त्याआधी काही ठरवू नका. खाऊन, बूट घालून, रिकाम्या पाठीने दहा मिनिटं फिरून या. मांड्या भरलेल्या आहेत, खांदे दुखतायत, झोप अपुरी झाली, यांपैकी काहीही परत फिरण्याचं कारण नाही. दुसरा दिवस आखूड करा, दुपारी दोनला थांबा, तंबू आणि कपडे उन्हात वाळवा. एका विशिष्ट जागी, गुडघ्यात किंवा घोट्यात, पाऊल टाकताच कळ येत असेल, फोडाभोवती लाली पसरून जागा गरम लागत असेल, किंवा झोपायचे कपडे आणि स्लीपिंग बॅग भिजली असून आज ऊन पडण्याची चिन्हं नसतील, तर निघालात तिथेच परत जा. पहिल्या मुक्कामापासून रस्ता अर्ध्या दिवसावर असतो. तिसऱ्या मुक्कामापासून तो दोन-अडीच दिवसांवर गेलेला असतो.